मधली पायरी

बंधाऱ्याखाली पोहायची धार बांधायची ही अक्कल माझीच. दुसऱ्या कुणावर ढकलत न्हाय.

बहात्तरच्या दुष्काळात तेरणेवर बंधाऱ्याचं काम निघालं. मी लिंगायत आळीतला आन् ज्ञानोबा बौद्धवाड्यातला, पण दगड वाहायला एकाच टोळीत. नदीत ओंजळभर पाणी नव्हतं, तरी हा बाबा कोरड्या खडकाकडं बघून म्हणायचा, "शिवप्पा, इथनं पाणी कसं उड्या मारत जाईल बघ." पोहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जेवणाच्या सुट्टीत आमी दोघांनी उरलेले दगड रचले. तीन पायऱ्या, मधनं पाण्याला वाट. ट्रकच्या ट्यूबवर बसून वरनं सुटायचं ते थेट खालच्या डोहात, हीच आमची धार. उपाशी गावानं कधीतरी हसावं, एवढंच डोक्यात होतं. पाणी आलं की पहिल्यांदा वरनं तूच सुटायचं, असा शब्द म्या त्याला दिला.

पुढं पाऊस झाला. बंधारा सोसायटीकडं गेला आन् मी तिथला पाटकरी झालो, म्हंजी पाणी अडवायचं-सोडायचं काम माझं. ज्ञानोबा तवा सोलापूरकडं खाणीवर होता. म्या एकट्यानं कडब्याच्या पेंढ्या सोडून धार तपासली. वरनं सोडलेली पेंढी सरळ डोहात जायची. मधल्या पायरीवर सोडली की गरगर फिरायची आन् खाली ओढली जायची, ती वर येतच नव्हती. वरनं येणारा वेगात भोवरा ओलांडतो, मधनं उतरणाऱ्याला तो वेगच नसतो. दोन गाड्या दगड टाकले असते तर भागलं असतं. आज टाकू, उद्या टाकू. आळसाला औषध न्हाय.

पंचमीला धार सुरू करायची ठरली. आदल्या दिवशी चेअरमन गुंडप्पांनी मला बोलावलं. "बौद्धवाड्याची माणसं वरनं बसली तर त्यांचं पाणी आपल्या अंगावर येणार. नदीवर वरचा घाट आपला, खालचा त्यांचा, ही रीत हाय. त्यांनी मधल्या पायरीवरनं उतरावं. न्हायतर उद्याच दगड उपसून टाकतो."

डोहात सगळ्यांचं पाणी एकच होतंय, हे म्हणायला माझी जीभ उचलली न्हाय. मधी भोवरा हाय, हेबी म्हटलं न्हाय. म्हटलं असतं तर धारच मोडली असती. मला धार पाहिजे होती हो. तीन वर्षं डोळ्यांपुढं तीच होती.

पंचमीला खाणीवरनं परतलेला ज्ञानोबा ट्यूब खांद्यावर घेऊन आला. मागं त्याच्या वाड्यातली दहा-बारा पोरंपोरी. म्या त्याला मधली पायरी दाखवली. त्यानं माझ्याकडं बघितलं. भांडला असता तर बरं झालं असतं.

"पाणी कसंय हितलं?" एवढंच त्यानं विचारलं.

"काय होत न्हाय," मी म्हणालो. एवढा पट्टीचा पोहणारा, निघंल की, असं मनाला समजावलं.

तो पोरांकडं वळला. "मी जाऊन बघतो. मी हाक मारल्याबिगर कुणी उतरायचं न्हाय."

ट्यूब एकटीच डोहात आली. मी उडी घातली, दोर टाकला, वर पाणी अडवायला माणसं पळाली. धार आटल्यावर तो दगडांच्या फटीत सापडला.

तेराव्या दिवशी त्याची बायको मथुराबाई माझ्या दारात आली. उंबऱ्याबाहेरच उभी राह्यली.

"शिवप्पाभाऊ, आमच्या वाड्यात लोक काय काय बोलतेत. तुमाला भोवरा ठाव व्हता म्हणतेत. म्या त्यांना सांगितलं, ह्यांचा दोस्त हाय तो. ठाव असतं तर हात धरून मागं ओढलं असतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमच्या तोंडनं ऐकलं म्हंजी त्यांना गप करता येईल. न्हवतं ना ठाव?"

"न्हवतं, वैनी," मी म्हणालो.