चकती आणि हात यांच्या मध्ये

माझे संपूर्ण नाव हातग्राइंडरचे संरक्षक कवच. गोदीत मला 'गार्ड' म्हणतात. वय नऊ वर्षे. पोलादी पत्र्यातून मला अर्धगोल घडवले आणि फिरती चकती व माणसाचा हात यांच्या मध्ये उभे राहण्याचे एकच कर्तव्य नेमून दिले.

त्याच अपराधासाठी मला काढून टाकण्यात आले. जहाजाचे वेल्डिंगचे जोड घासताना लहान चकती लवकर झिजते. म्हणून लहान यंत्रावर मोठी चकती चढवायची, अशी येथील रीत. ती माझ्या पोटात मावत नाही, मग अडगळ मीच! लहान यंत्राचा वेग मोठ्या चकतीला सोसत नाही, याचा विचार कोण करतो? सहा वर्षे मी हत्यारांच्या पेटीत तळाशी पडून होतो.

ते यंत्र चालवणाऱ्यास सारे दाजी म्हणत, कारण मुकादम त्यांचा मेहुणा. एके दिवशी तशी चकती फुटली. दाजींच्या उजव्या हाताची तर्जनी व मधले बोट गेले. मुकादमाने कागदावर लिहिले, 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

चार महिन्यांनी दाजी परतले. त्यांनी प्रथम पेटी उपडी केली, मला पुसले आणि पट्टा आवळून यंत्रावर बसवले.

मुकादम मोठी चकती घेऊन आला. "दाजी, परवा जहाज पाण्यात उतरवायचंय. काढा ते झाकण."

"नाही काढणार."

"मग उरलेली आठ बोटं काय पेटीत जपून ठेवणार?"

"माझ्या सदऱ्याची बटणं रोज तुझी बहीण लावते. जा, तिलाच विचार, आणखी किती बोटं देऊ ते."

कोणीतरी हसले.

मुकादम लालबुंद झाला. "घरी बसाल, दाजी!"

"बसेन की. पण दोन्ही हात मांडीवर ठेवून बसेन."

शेजारच्या घासणाऱ्याने आपले यंत्र बंद केले. मग त्याच्या पलीकडच्याने. एकेक जण आपापला गार्ड शोधू लागला. माझी भावंडे कुठे कुठे दडवली होती! कोणी खुर्चीखालून निघाले, कोणात खिळे साठवले होते, एकात तर चक्क विड्यांची राख होती.

मी आड येतो, ही तक्रार मला मान्य आहे. ज्यांना ती करायची असेल, त्यांनी दहा बोटांनी लिहून करावी.

जहाज चार दिवस उशिरा पाण्यात उतरले. दाजींचे काम गेले नाही. त्या दिवसापासून गार्डाशिवाय एकही यंत्र कोठारातून बाहेर दिले जात नाही.