माशीचा कौल

तलवाड्याच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. सारं गाव श्वास रोखून एका माशीकडे बघत होतं. ती माशी म्हणजे गेल्या साली वारलेले आमचे आबा, असं माशीमहाराजांचं म्हणणं.

"गावात केबलच्या छत्र्या आल्या अन् कावळ्यांना पितरांचं ऐकू येईना," महाराज म्हणाले. "म्हणून पितर आता माशीत येत्यात. बोला आबा, नात नर्सिंगला धाडू का माझ्या भाच्याला द्यायची?"

त्यांनी एकेका हातानं बेलाचं एकेक पान मांडलं होतं. डावं नर्सिंगचं, उजवं भाचा पप्पूचं. डबीतून सुटलेली माशी उजव्या पानावर बसली.

"ह्यांनी सांगितलं, संपलं," छबुआजी म्हणाली.

माझी चुलतबहीण वनमाला रडू लागली. सोमवारी बीडला तिच्या प्रवेशाची शेवटची तारीख होती.

"आबाच्या शब्दाबाहेर मी कधी गेलतो का?" तिचे वडील, राधाकिशनकाका, तिला म्हणाले.

मी नुकतीच प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले होते. फोटोवाल्या बंकटकडून कॅमेरा घेतला, बारीक वस्तू मोठी दिसावी म्हणून भिंग उलटं धरलं आणि पानाजवळ वाकले. बंकट सवयीनं म्हणाला, "आबा, हलू नका."

रविवारी वनमाला अन् पप्पूची सुपारी फुटणार होती. त्याआधी रिवाजाप्रमाणं पुन्हा एकदा कौल. तोवर फोटो धुऊन आले होते.

"लाल डोळे, टोकदार पोट, शेवटपर्यंत पट्टे," मी आजीला दाखवलं. "ही फळमाशी. कॉलेजात आम्ही सडक्या केळ्यावर वाढवायचो. आणि ही मादी आहे. नराचं पोट मागून काळं असतं."

आजीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "बाईच्या जल्माला गेले? बरं झालं. आता कळंल चूल काय असती."

"आत्म्याला नर-मादी नसतंय," महाराज म्हणाले. गर्दीनं माना डोलावल्या.

पण माशी ओळखली की तिची आवडही कळते. मी म्हटलं, "आज पानं आजी मांडेल. महाराज, तुम्ही नुसते हात जोडून बसा."

डबी उघडली. पितर दोन्ही पानांवरून फिरले आणि थेट महाराजांच्या उजव्या अंगठ्यावर उतरले. महाराजांनी हात झटकला. पितर उडाले, परत बसले. वनमालानं पुढं होऊन अंगठा हुंगला.

"सडकं केळं हाय," ती म्हणाली. बंकटनं महाराजांची झोळी उलटी केली. काळंठिक्कर केळं पारावर पडलं.

"राधाकिशन," आजी म्हणाली, "तुझ्या बाला महाराजच पसंत हायेत. पोरीची पेटी भर."

सोमवारी वनमाला बीडला गेली. काहीजण अजून म्हणतात, ते आबाच होते, केळ्याला भुलले. त्यांना एवढंच सांगते: माशी कुठंही बसो, ती पोटासाठी बसते. पोरीचं आयुष्य ठरवायचं असेल, तर पोरीला विचारा.