वाल्मिकचा डावा हात

"बाबा, हाच घे. हलकाय. खांद्यावर टाकून नेशील," प्रियांका म्हणाली आणि एकसष्ट पट्ट्यांच्या त्या कीबोर्डवर हात ठेवून उभी राहिली.

कल्याणच्या त्या दुकानात आम्ही तिघं तासभर होतो. वाल्मिक, त्याची ही लेक आणि मी राघो. मी वैशाखरे गावच्या आमच्या बेंजो पार्टीचा ढोलवाला. टेम्पोही माझाच, म्हणून ओझं वाहायला आलेलो. पार्टीचं नाव बेंजो असलं तरी बेंजो आता कुणी वाजवत नाही. सगळं कीबोर्डवर निघतं आणि आमचा कीबोर्ड म्हणजे वाल्मिक. मुरबाडपासून शहापूरपर्यंत त्याच्या वाजवण्यावर हळदीत नाचला नाही असा एक माणूस दाखवा, मी ढोल खाली ठेवतो.

त्याचा जुना कीबोर्ड थकला होता. तीन पट्ट्या मुक्या झालेल्या. नवा घ्यायचाच होता, पण प्रियांकालाही हवा होता आणि तिचा वेगळ्या जातीचा. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, प्रत्येक पट्टी खऱ्या पियानोसारखी जड. तो हळदीच्या मांडवात नेणं म्हणजे कपाट घेऊन नाचायला जाणं. दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती. दुकानात शिरल्याबरोबर प्रियांका त्या जड पियानोंकडेच गेली होती, एकावर दोन्ही हातांनी थोडं वाजवलं होतं आणि मग शहाण्यासारखी परत येऊन या हलक्यापाशी उभी राहिली होती.

"ह्याला कॉम्प्युटर जोडता येतो ना?" वाल्मिकने विचारलं.

"येतो. माझी गाणी बसवता येतील ह्याच्यावर."

"नि परीक्षा?"

"होईल रे. बाईंकडं जाऊन वाजवीन."

ती खोटं बोलत होती हे मलासुद्धा कळलं, तर बापाला कळणार नाही?

त्या परीक्षेची गोष्ट सांगायला हवी. आमच्यात गायकाचा सूर चढला की वाल्मिक बोटं बदलत नाही, ट्रान्सपोजचं बटण दाबतो. बोटं जागच्या जागी, सूर आपोआप वर. वाजवायचं उजव्या हाताने, डावा बटणांवर. अशी वीस वर्षं त्याने दोन तालुके नाचवले आणि लेकीलाही तसंच शिकवलं. पुढे ती कल्याणला बाईंकडे पियानो शिकायला लागली. बाई दोन हातांनी वाजवायला शिकवायच्या, पण घरी सराव त्या जुन्या कीबोर्डवर. परीक्षेत खरा पियानो होता. परीक्षकांनी दुसऱ्या सुरात वाजवायला सांगितलं, तर पोरीची बोटं बटण शोधायला लागली. जड पट्ट्यांवर निम्मे सूर उमटलेच नाहीत. ती नापास झाली. घरी येऊन तिने सगळं हसत हसत सांगितलं. वाल्मिक त्या दिवशी जेवला नाही.

दुकानात आता तो उठला आणि जड पियानोंपाशी गेला.

"साहेब, ह्याचा करंट काढा."

"नको आहे का?" विक्रेत्याने विचारलं.

"बघायचाय. चालू असला की सगळेच गोड वाटतात."

विक्रेत्याने खांदे उडवून प्लग काढला. वाल्मिकने गुडघे टेकले, कान लाकडाला लावला आणि डावीकडून एकेक पट्टी दाबत निघाला. दुकानातली माणसं बघायला लागली. मलाच लाजल्यासारखं झालं. पण आमच्या पार्टीचे कीबोर्ड तोच उघडतो, तोच दुरुस्त करतो. पट्टीचा ठोका त्याला बरोबर कळतो.

"ही खिळखिळी हाय," तो मध्येच म्हणाला. "बघा, दोनदा वाजते."

विक्रेत्याने दाबून पाहिली, पुन्हा पाहिली. मग शेजारच्या दुसऱ्या पियानोचा प्लग स्वतःच काढला.

दुसऱ्याच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या तपासून होईपर्यंत माझा चहा गार झाला. वाल्मिक उठला, गुडघे झटकले. "डावीकडं जड लागतात, उजवीकडं हलक्या होत जातात. असंच असतं का गो?"

"हो बाबा. खऱ्या पियानोचं असंच असतं."

"मग हा द्या."

"बाबा, नि हळदी? तुझ्या तीन पट्ट्या मुक्या हायत!"

"तेवढ्या सोडून वाजवीन. नाचणाऱ्याला काय कळतंय?"

विक्रेता आता अदबीने बोलायला लागला होता. "काका, तुम्ही पियानो वाजवता?"

"मी नाय," वाल्मिक मान ताठ करून म्हणाला. "ही वाजवते."

त्या क्षणी ढोल जवळ असता तर मी दुकानातच वाजवला असता. लेक त्याची, पण छाती माझीही फुगली.

तुळशीच्या लग्नानंतर हळदी सुरू झाल्या. मुक्या पट्ट्या चुकवायच्या तर नेहमीच्या जागा सोडाव्या लागणार. मग पन्नाशीच्या वाल्मिकने बोटं बदलली. घरी बसून, लेकीला विचारून, नवे सूर घोटले. सुरुवातीला अडखळायचा. तो अडखळला की मी ढोलावर जोरात हाणायचो. लोकांना वाटायचं राघो रंगात आलाय.

एप्रिलमध्ये प्रियांका परीक्षा पास झाली. वाल्मिकने अख्ख्या आळीला पेढे वाटले आणि प्रत्येकाला "दोन हातांनी वाजवली" असं सांगितलं.

मेमध्ये एका हळदीला जायचं म्हणून दुपारी मी आळीच्या तोंडाशी टेम्पो चालूच ठेवून त्याच्या दारात आलो. तो तयार होऊन ओट्यावर बसला होता. मी हाक मारणार, तेवढ्यात त्याने ओठांवर बोट ठेवलं. आत प्रियांका कानाला हेडफोन लावून वाजवत होती. पियानोची वायर कॉम्प्युटरला गेलेली. सूर सगळे तिच्या कानात, बाहेर येत होते फक्त पट्ट्यांचे ठोके.

"काय वाजवते?" मी ओट्यावर चढून हळूच विचारलं.

"तूच सांग."

मी ढोलवाला माणूस. चार ठोक्यांत ओळखलं. ते आमचंच होतं, वाल्मिकने स्वतः बसवलेली हळदीची चाल, जिच्यावर दोन तालुके नाचतात. पण तिच्याखाली आणखी काहीतरी चाललं होतं. जड, सावकाश, वेगळ्याच वाटेने जाणारं आणि तरी प्रत्येक वळणावर बरोबर येऊन भेटणारं.

"हे खालचं कोण वाजवतंय?"

"तिचा डावा हात," वाल्मिक म्हणाला.

त्याची उजवी बोटं गुडघ्यावर चालीबरोबर हलत होती. डावा हात मांडीवर तसाच उघडा पडला होता. उशीर होत होता. मी ओट्यावरून उतरलो आणि टेम्पोचं इंजिन बंद करून आलो.