शर्ट वाळेपर्यंत

फौजदारबाईंनी मागच्या गॅलरीचं दार उघडलं आणि दोरीवरचा शर्ट एका झटक्यात ओढून घेतला. शर्ट कसला, तंबूच होता तो. त्या मापाचा माणूस साऱ्या इमारतीत एकच, आणि तो स्वयंपाकघरात बनियनवर बसून चहात बिस्किट बुडवत होता.

"मावशी, हा दोरीवर कुणी टाकला?"

"मीच. त्याच्या कॉलरकडे बघितलंस का कधी?" मावशी म्हणाल्या. "रोज धुते मी. एकच शर्ट घेऊन आलाय बिचारा."

पहारा सुरू झाल्यापासून हवालदार रोज दुपारपर्यंत बनियनवर का असतो, हे कोडं बाईंना आत्ता सुटलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, उकाड्यामुळे.

"आणि तू गप्प कसा बसलास?"

"मॅडम, मला वाटलं, आत कुठंतरी वाळत घालत असतील," हवालदार म्हणाला. तोवर बिस्किटाचा तुकडा कपात पडला.

बाईंनी कपाळाला हात लावला. शहरात एकामागून एक तीन म्हाताऱ्या बायका मारल्या गेल्या होत्या. तिघी एकट्या राहणाऱ्या. कुलूप कुठंच तुटलं नव्हतं आणि तिन्ही घरांत टेबलावर चहाचे दोन कप होते. म्हणजे दार त्यांनीच उघडलं होतं, वर पाहुणचारही केला होता. तिसरी मावशींची मैत्रीण, रोज संध्याकाळी त्यांच्याशी पत्ते खेळणारी. ती गेल्यावर मावशी स्वतःच्या पायांनी चौकीवर आल्या होत्या. "माझा भिडू नेला त्यानं," त्या म्हणाल्या होत्या. "आता माझ्याकडे पहारा बसवा. मी म्हातारी आहे, एकटी आहे आणि बेल वाजली की पटकन दार उघडते."

तेव्हापासून दोघं पोलीस या घरात लपून होते. आले ते पहाटेच्या अंधारात, त्यानंतर उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. बूट पलंगाखाली, बोलणं कुजबुजत. आणि एवढं सगळं करून दोरीवर हा झेंडा.

"तुम्ही एकट्या आहात असं दिसायला हवं, मावशी. त्यासाठी तर हा सगळा खटाटोप."

"मागं कोण बघतंय? समोर ती अर्धवट बांधलेली इमारत. तिथं फक्त कबुतरं राहतात." मावशींनी शर्ट परत घेतला आणि बादलीतल्या पाण्यात बुडवला. सारी हयात रुग्णालयाच्या धुलाईखान्यात गेलेली. मळका कपडा दिसला की त्यांचे हात आपोआप पुढे व्हायचे, त्याला त्या तरी काय करणार?

"साहेबांचा निरोप आलाय," बाई म्हणाल्या. "आज काही झालं नाही तर पहारा उठवायचा."

मावशींचे हात बादलीतच थांबले. "म्हणजे उद्या तुम्ही जाणार?"

"हो. आणि तो मोकळाच राहणार," बाई म्हणाल्या. चौथं दार कुणाचं असेल, हे मात्र त्यांनी तोंडाबाहेर काढलं नाही. भीती वाटत होती ती त्याचीच.

दुपारी बेल वाजली. हवालदार कोठीत शिरला, बाई त्याच्यामागे शिरल्या. दोघांना पुरेल एवढी ती कोठी नव्हती. दाराच्या फटीतून बाईंना बाहेरच्या खोलीचा तुकडा दिसत होता.

दारात पाण्याच्या फिल्टरची दुरुस्ती करणारा उभा होता. इस्त्रीचे कपडे, हातात अवजारांची पेटी, चेहरा असा की कुणीही घराची किल्ली देऊन गावाला जावं.

"फिल्टर तपासायचा होता, मावशी," तो म्हणाला. आत एक नजर टाकून सहज पुढे म्हणाला, "पाहुणे गेले वाटतं?"

बाईंनी फटीला डोळा घट्ट लावला. घरात माणूस आहे हे पुढच्या दारानं कुणालाच कळलं नव्हतं. कळण्यासारखी गोष्ट एकच होती, ती मागच्या दोरीवर होती, आणि ती दोरी दिसत होती फक्त त्या अर्धवट इमारतीतून. आणि नेमकी आजच ती सकाळीच रिकामी झाली होती.

मावशींचा हात दाराच्या साखळीवर होता. कुठले पाहुणे, असं म्हणून दार लावून घेता आलं असतं. त्यांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि साखळी काढली.

"गेला की भाचा सकाळीच. आता मी एकटीच." दार त्यांनी सताड उघडलं. "ये, चहा टाकते."

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी त्याच्याकडे पाठ केली आणि पातेलं ओट्यावर ठेवलं. तो कोठीकडे पाठ करून पेटीवर वाकला होता. पेटीतून फिल्टरचं काही निघालं नाही, बारीक दोरी निघाली. तो दोन्ही हातांत ती ताणून उठला तशा बाई कोठीतून झेपावल्या. पण त्यांच्याआधी मावशींच्या हातून पाण्यानं जड झालेला शर्ट ओट्याजवळच्या बादलीतून उडाला आणि सपकन त्याच्या तोंडावर बसला. कॉलरपासून बाह्यांपर्यंत सगळा माणूस त्यात गुरफटला. मग बनियनवरचा हवालदार त्याच्यावर बसला. पुढं फारसं काही करावं लागलं नाही.

त्यानं चौकीवर सगळं कबूल केलं. तसल्या अर्धवट इमारतींत बसून तो मागच्या दोऱ्या न्याहाळायचा. एकाच माणसाचे कपडे दिसले की ते घर हेरायचा. मावशींचं घरही हेरलं होतं, पण रोज सकाळी तो शर्ट दोरीवर हजर. साहेबांनी शर्टाच्या युक्तीचं तोंड भरून कौतुक केलं. बाईंनी नुसतं खोकून घेतलं.

निघताना मावशी म्हणाल्या होत्या, "शर्ट राहू दे. धुवून ठेवते. वाळला की घेऊन जा."

रविवारी दोघं शर्ट न्यायला आले. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. टेबलावर पत्ते पिसून ठेवलेले होते, तीन खुर्च्या मांडलेल्या. शर्ट आता पुढच्या गॅलरीत होता, रस्त्यावरून दिसेल असा, आणि त्यातून पाणी टपकत होतं.

हवालदारानं बाही चाचपली. "ओलाच आहे, मॅडम."

"जाड कापड आहे ना," मावशी आतून म्हणाल्या. "वेळ लागतो."

बाईंनी खाली साचलेल्या पाण्याकडे बघितलं, मग उन्हाकडे. इतकी वर्षं तपास करण्यात गेली होती, त्यांना पुरावा कळत नव्हता असं नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढला. चांगला स्वच्छ, घडीचा होता.

"हाही धुवून ठेवा, मावशी," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "पुढच्या रविवारी नेईन."