रंगाचे दोन हात

रविवारची दुपार कलली तरी गाडी जागची हलली नव्हती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगणात बघत ताई मनातल्या मनात दोघांनाही लाखोली वाहत होती. दोघं म्हणजे तिचा नवरा आणि तिचा धाकटा भाऊ. नवरा रंगारी, भाऊ घरांचं वायरिंग करणारा वायरमन. गाडीतलं दोघांनाही सारखंच कळायचं, म्हणजे बेताचंच. पण क्लच गेला आणि गॅरेजवाला महिनाभर थांबा म्हणाला, तेव्हा दोघांनी छाती पुढे काढून इंजिन घरीच उतरवायचं ठरवलं. उतरवलंही. नवा क्लच बसवला, साखळीच्या कप्पीने इंजिन परत जागेवर नेलं, एकही नट उरला नाही म्हणून एकमेकांची पाठ थोपटली. मग किल्ली फिरवली, तर गाडी नुसती ‘टक्’ म्हणाली.

मधले दोन दिवस तर निव्वळ हौसेत गेले होते. इंजिन बाहेर आहे, बॉनेटखालची जागा रिकामी आहे, हे बघून रंगाऱ्याचे हात शिवशिवले. त्याने आतला गंज घासून काढला, प्रायमर मारला आणि वर चकचकीत हिरव्या रंगाचे दोन हात दिले. ताईला हात धरून बाहेर नेऊन दाखवलंसुद्धा. तिने छान आहे म्हटलं, कारण छान होतंच. पण बॉनेट उघडून कोण बघणार आहे, हे तिने जिभेवरच ठेवलं.

तिला गाडीचं कौतुक नव्हतंच. तिला उद्या पहाटे ड्यूटीवर जायचं होतं. सासूबाईंच्या आजारपणात सोडलेली नर्सची नोकरी इतक्या वर्षांनी पुन्हा चालून आली होती. हॉस्पिटल पार गावाबाहेर, ड्यूटी पहाटेची, आणि त्या वेळी एकही बस नाही. मोठ्या सिस्टरनी स्पष्ट बजावलं होतं, येणार की नाही ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर मी दुसरीला बोलावते. मोबाइल ओट्यावर पडला होता. तिची नजर सारखी त्याच्यावरच्या घड्याळाकडे जात होती.

बाहेर वेगळाच खेळ चालला होता. हेडलाइट लावले तर ते मिणमिणायचे. त्यात हॉर्न दाबला की तो म्हाताऱ्या बकरीसारखा बेंऽ करायचा आणि दिवे आणखीनच मान टाकायचे. ब्रेकवर पाय ठेवला की भलतेच इंडिकेटर उजळायचे. किल्ली स्टार्टरपर्यंत फिरवली की एक ‘टक्’ आणि मग सगळंच गप्प. वायरमनने एकेक फ्यूज काढून बघितला, शेजाऱ्यांची बॅटरी मागून आणून लावली. तिनेही ‘टक्’च केलं. इंजिन काढताना त्याने प्रत्येक वायरला टेप गुंडाळून खूण केली होती, त्यामुळे जोडणीत चूक असणं शक्यच नाही, हे तो सकाळपासून ऐकवत होता. चूक नाही तर हॉर्न वाजल्यावर दिवे का जातात, असं रंगाऱ्याने विचारलं. भाऊजींनी ब्रश धरावा, वायरच्या भानगडीत पडू नये, असं उत्तर मिळालं. मग दोघंही गाल फुगवून गाडीच्या दोन बाजूंना बसून राहिले.

हे पाहून ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांना चार शब्द सुनवावेत म्हणून तिने खिडकी ढकलली. खिडकी ढिम्म हलेना. दर रंगकामानंतर या घरात हेच व्हायचं. चौकट आणि झडप नवरा एकाच दमात रंगवायचा; फट दिसली की ती बुजवल्याशिवाय त्याला चैन नाही. एकदा तर दारावरच्या बेलचं बटण रंगाने असं चिकटून बसलं, की पाहुणे बाहेर ताटकळले होते. अशा वेळेसाठी ताईने ड्रॉवरमध्ये मोडक्या टोकाचा एक चाकू राखून ठेवला होता. बोटं मोडत तिने तो फटीतून फिरवला. रंगाची लांब साल सुटून आली आणि खाली उघडं लाकूड दिसलं.

तिचा हात तिथेच थांबला. पेशंटच्या अंगाला तेल असलं की ईसीजी नीट येत नाही, आधी कातडी पुसून घ्यावी लागते, हे तिला अचानक आठवलं. चाकू हातात घेऊनच ती अंगणात आली.

“बॅटरीची ती काळी वायर कशावर आवळली आहेस रे?” तिने भावाला विचारलं.

“बॉडीवर. अर्थिंगचा जोड असतो तो. चांगला घट्ट आहे.”

“बॉडीवर, की ह्यांच्या रंगावर?”

वायरमन उठून बॉनेटमध्ये वाकला. बॅटरीतला करंट तांबड्या वायरने बाहेर पडतो आणि गाडीच्या लोखंडातूनच परत येतो, एवढं त्यालाही ठाऊक होतं. ती परतीची वाटच रंगाखाली गेली होती. काळी वायर रंगावर आवळलेली, इंजिनपासून बॉडीला येणारी पट्टीही रंगावरच. नटाच्या आट्यांमधून काय थोडं झिरपत होतं, तेवढ्यावर दिवे मिणमिणत होते.

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. रंग अगदी नीट वाळवलाय, असं तो पुटपुटला. ताईने चाकू त्याच्याच हातात दिला. खरवडायचा तर त्यानेच खरवडावा.

त्याने नट सैल करून नखाएवढी जागा खरवडली. “आणखी,” ती म्हणाली. आपलंच काम त्याला सोलवत नव्हतं, हे तिला दिसत होतं, पण तिला जराही दया आली नाही. दोन्ही जागी पांढरं लोखंड उघडं पडलं तेव्हाच ती बाजूला झाली. वायरमनने नट आवळले, किल्ली फिरवली, आणि इंजिन धडधडत सुरू झालं. हॉर्न असा खणखणीत वाजला, की शेजारी गॅलरीत आले.

ताई थांबलीच नाही. आत जाऊन तिने फोन लावला. “सिस्टर, मी उद्या पहाटे येतेय,” तिने सांगून टाकलं. राग अजून तसाच होता, पण आनंद त्याहून मोठा होता.

ती परत बाहेर आली, तर रंगारी हिरव्या रंगाचा डबा उघडून, बारीक ब्रश घेऊन बॉनेटमध्ये वाकला होता. नटांभोवतीचं लोखंड उघडं राहिलंय, गंजेल, असं त्याचं म्हणणं. ग्रीस लावतो म्हणून वायरमनने सांगून पाहिलं होतं, पण तो ऐकेना.

ताईने त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

“तेवढी जागा माझी,” ती म्हणाली. “बाकी गाडी हवी तेवढी रंगवा.”

रंगाऱ्याने एकदा त्या दोन उघड्या डागांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्याने खाली बसून डब्याचं झाकण ठोकून बसवलं.