मिस्त्रीच्या पँटचे गुडघे

मिस्त्रीणबाईंना लिहिता-वाचता येत होतं, पण त्यांचं खरं वाचन चालायचं ते धुण्याच्या बादलीपाशी. मिस्त्री फरशा बसवायचे. संध्याकाळी घरी आले की कामाची पँट उतरवून न्हाणीघराबाहेर टाकायचे, आणि बाई ती उचलून उजेडात धरायच्या. गुडघ्यावर पांढरी भुकटी असली तर आज फरशी कापली. राखाडी थर असला तर आज बसवली. उजवा गुडघा डाव्यापेक्षा जास्त मळला असला तर कोपऱ्याचं काम, म्हणजे स्वारी तापलेली असणार, आज फार बोलायचं नाही. मिस्त्री मुळातच अबोल. दिवसाकाठी दहा शब्द बोलले तर डोक्यावरून पाणी. पण सव्वीस वर्षांत बाईंना त्यांना काही विचारावं लागलं नव्हतं. आळीतल्या बाकीच्या बायका नवऱ्याच्या पगाराचा नाहीतर रुबाबाचा तोरा मिरवत. बाईंचा तोरा एकच होता, की हा माणूस मला कळतो.

कामाची पँट कितीही जाड घ्या, सहा महिन्यांत तिचे गुडघे जायचेच. त्यासाठी बाईंकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात जीनचे तुकडे जपून ठेवलेले असत. ठिगळ लावायचं ते दुहेरी दोऱ्यानं. या ठिगळांचाही त्यांना अभिमान. त्यांच्या नणंदेचा नवरा तिकीट खिडकीवर बसायचा आणि त्याची पँट मागून विरायची. एकदा सगळे जमलेले असताना नणंद ती शिवत बसली होती, तेव्हा बाईंची जीभ वळवळली. "नवऱ्याची पँट गुडघ्यावर फाटावी बाई! मागून फाटणारा नवरा मला नको." सगळे खो खो हसले. नणंदही तोंड वाकडं करून हसली. कोपऱ्यात नखांतलं सिमेंट काढत बसलेले मिस्त्रीसुद्धा हसले होते.

आणि एके दिवशी मिस्त्री साध्या पँटमध्ये घरी आले.

"कामाची पँट कुठेय?"

"लॉन्ड्रीत टाकली. साइटच्या वाटेवर नवी झालीय."

"ती कशाला?"

"तुझे हात दुखतात ना."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. गेल्या थंडीत त्यांचा हात उकळत्या पाण्यानं मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता, तेव्हा हाच माणूस "चहा होईल ना?" असं विचारून मोकळा झाला होता. त्याला आज हात आठवले?

शनिवारी मिस्त्री कागदात बांधलेलं गाठोडं घेऊन आले. सोमवारी लॉन्ड्री उघडायच्या आत कामावर जायचं, म्हणून धुतलेल्या दोन्ही पँट आधीच आणलेल्या. ते आंघोळीला गेल्यावर बाईंनी गाठोडं सोडलं. पोलिसानं झडती घ्यावी तशी त्यांनी पँटची झडती घेतली. खिसे उलटे केले, वास घेतला, कमरपट्टी आतून पाहिली, केस मिळतोय का तेही पाहिलं. काही मिळालं नाही. मिळालं ते त्याहून वाईट होतं. पँट सुरेख धुतलेली होती.

रंग! बाईंच्या हातून धुतलेल्या पँट चार महिन्यांत राखेसारख्या व्हायच्या. कढत पाणी, वडीचा साबण, लाकडी दांडकं आणि मग दुपारचं ऊन, ही त्यांची पद्धत. मळाची काय बिशाद राहायची! रंगाचीही राहत नसे, पण कामाच्या कपड्याला रंग हवाय कुणाला, असं त्या म्हणत. आणि ही समोरची पँट गडद निळी होती. चेन लावलेली, घड्या जिथल्या तिथे. शिवाय कमरेचं बटण, जे गेले दोन महिने लोंबत होतं, ते घट्ट शिवलेलं होतं. बाई बटणाला समांतर दोन टाके घालत. हे टाके फुलीचे होते.

ती फुली बाईंच्या काळजात रुतली. हा टाका कुणा बाईचाच, आणि तोही नीट बसून, मन लावून घातलेला. त्यांनी काय करावं? दोन्ही धुतलेल्या पँट उचलल्या, कढत पाण्यात बुडवल्या आणि दांडक्यानं पुन्हा धुतल्या.

"धुतलेल्या होत्या त्या," मिस्त्री टॉवेलनं डोकं पुसत म्हणाले.

"माझ्या समाधानासाठी," बाई म्हणाल्या आणि आणखी चार तडाखे हाणले.

असे शनिवारवर शनिवार गेले. मिस्त्री आता आणखीच गप्प झाले होते. पूर्वी संध्याकाळी दारातल्या पायरीवर दोघं शेजारी बसून चहा घेत. आता मिस्त्री कप घेऊन खिडकीशी उभे राहत. "बसा ना," म्हटलं तर म्हणत, "दिवसभर बसलेलाच असतो." फरशी बसवणारा माणूस दिवसभर गुडघ्यांवर असतो हे बाईंना ठाऊक होतं, तेव्हा हे बोलणं त्यांना सरळ सरळ थाप वाटलं. माझ्या शेजारी बसायला आता जड जातं, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी लावला. रात्री कूस बदलताना त्यांना लॉन्ड्रीवाली दिसायची. तिशीची, नाजूक बोटांची, ओठात दोरा धरून बटण लावणारी. त्या सटवीला त्यांनी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या, त्याला गणती नाही.

त्यात नणंदेनं तेल ओतलं. "वहिनी, सांगू की नको असं झालंय," असं म्हणत तिनं सगळं सांगितलंच. "काल दादाला पाहिलं मी. लॉन्ड्रीच्या आतल्या पडद्यामागून बाहेर येत होता. शर्ट खोचत." एवढं बोलून तिनं चहाचा घोट घेतला. मागून फाटलेल्या पँटचं उट्टं निघाल्याचं समाधान तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी मिस्त्रींचं थंडीतलं जाड निळं जाकीट पिशवीत घातलं. त्यावर तेलाचा डाग होता, म्हणजे निमित्त झालं. केस विंचरले, ठेवणीतल्या चपला काढल्या आणि त्या लॉन्ड्रीत जाऊन उभ्या राहिल्या.

काउंटरमागची बाई पन्नाशीची निघाली. आडव्या बांध्याची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, हातांवर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग. बाईंचा जीव क्षणभर भांड्यात पडला. पण तिनं जाकीट हातात घेतलं मात्र, आणि त्यांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. तिनं आधी सगळी बटणं लावली, मग जाकीट उलटं केलं, शिवणीतली धूळ कोरड्या ब्रशनं झटकली, डागावर खडूची पूड चोळून ठेवली. सगळं कसं न बघता, सवयीनं. कपडा तिच्या हातात गुपचूप वळत होता. नुसती देखणी असती तर एकवेळ परवडली असती. ही तर कामात सरस होती.

"याला कढत पाणी कोण घालतं?" लॉन्ड्रीवालीनं विचारलं. "पार जीव काढलाय याचा. जाड कपडा म्हणून कसाही बडवायचा नसतो हो. उलटा करायचा, थंड पाणी, थोडका साबण, सावलीत वाळत घालायचा. दहा वर्षं हूं की चूं करत नाही."

"असेल कुणीतरी अडाणी," मिस्त्रीणबाई दातओठ खात म्हणाल्या.

लॉन्ड्रीवालीनं चष्मा चढवला आणि कोपराचं ठिगळ पाहिलं. त्यावरून अंगठा फिरवला. मग चष्म्यावरून बाईंकडे पाहत राहिली.

"दुहेरी दोरा," ती म्हणाली. "आणि गाठ बाहेरच्या बाजूला. आत टोचू नये म्हणून. असं ठिगळ माझ्याकडे एकाच घरचं येतं. तुम्ही मिस्त्रीणबाई."

चोरी पकडल्यासारखं झालं, पण बाई मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. "हो, मीच! आणि तुम्ही बटणं लावणाऱ्या. त्या पडद्याआड काय चालतं तेही सांगून टाका!"

लॉन्ड्रीवालीनं उठून पडदा बाजूला सारला. आत एक उंच स्टूल होतं, भिंतीला खिळा, खिळ्यावर मिस्त्रींची साधी पँट. आणि स्टुलाशेजारी रबरी पिशवी, शेकायची.

"हे काय?"

"मी त्यांना शब्द दिलाय," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "माझ्या तोंडून काही निघायचं नाही. पण ही काल टाकलेली पँट तुमच्या घरचीच आहे. अजून धुतलेली नाही. हवी तर न्या."

बाईंनी पँट घेतली आणि इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदा, सवयीनं, उजेडात धरली.

गुडघे स्वच्छ होते. त्यांनीच लावलेली ठिगळं लावली तशीच होती, ना भुकटी, ना थर, काठसुद्धा उसवला नव्हता. त्यांनी पँट फिरवली. मागचा भाग चकाकत होता, आणि बुडाखाली कापड इतकं विरलं होतं की पलीकडची खिडकी दिसत होती. आतून लॉन्ड्रीवालीनं बारीक रफू करून ते जेमतेम धरून ठेवलं होतं. ही रोज खोक्यावर बसणाऱ्या माणसाची पँट होती. गुडघे टेकता येत नाहीत म्हणून मालाच्या शेडमध्ये बसून दुसऱ्यांना फरशा मोजून देणाऱ्या माणसाची; गुडघे गेलेल्या कारागिराला साइटवर हेच काम देतात, हे बाईंना ठाऊक होतं. उभ्यानं पँटही बदलता येत नाही, म्हणून त्याला स्टूल लागत होतं.

दर शनिवारी हीच पँट हातात आली होती. बाई तिच्यात दुसरी बाई शोधत बसल्या. नवरा शोधायचं राहूनच गेलं.

"किती दिवस झाले?"

"शब्द दिलाय म्हटलं ना." लॉन्ड्रीवालीनं तीन बोटं वर केली.

"आठवडे?"

तिनं नकाराची मान हलवली.

तीन महिने. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला बोला, त्यातलं अर्धं रागाचं होतं. मिस्त्रींचे गुडघे गेले, ते दुःख होतंच. पण त्या गुडघ्यांना शेक दिला कुणी? परक्या बाईनं. तिला आधी कळलं, आपल्याला नाही. सव्वीस वर्षांचा तोरा या खिळ्यावर लोंबत होता. मग त्यांना आठवलं की मिस्त्रींनी आपल्यापासून का लपवलं असेल. मागून फाटणारा नवरा मला नको. आपलीच जीभ! जाकीट आणि पँट दोन्ही पिशवीत कोंबून त्या निघाल्या. दारात थांबल्या.

"रफू चांगलं केलंय," त्या म्हणाल्या. हे बोलताना त्यांना कडू काढा गिळल्यासारखं झालं.

"ठिगळ तुमचंच लागेल त्याला," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "रफू फार दिवस धरायचं नाही."

घरी आल्यावर बाईंनी पँटची चेन लावली, पँट उलटी केली आणि थंड पाण्यात बुडवली. दांडकं उचललं होतं, ते परत ठेवून दिलं. सावलीत कपडा वाळायला वेळ लागतो, म्हणून त्या दोरीभोवती येरझारा घालत राहिल्या, इस्त्री फिरवून उरलासुरला ओलावा काढला, आणि मग बिस्किटांचा डबा उघडून सगळ्यांत चांगला तुकडा काढला.

संध्याकाळी मिस्त्री कामाच्याच पँटमध्ये घरी आले. लॉन्ड्रीत त्यांना कळलं असणारच. चेहरा पडलेला होता. दारातल्या पायरीशेजारी खुर्ची मांडलेली होती. पायरीवर बाई बसल्या होत्या, दोन कप चहा घेऊन. मिस्त्री खुर्चीकडे पाहत उभे राहिले, मग हाताचा आधार घेऊन हळूच बसले. बसताना तोंडातून निघालेलं "हुश्श" त्यांनी आज लपवलं नाही.

बाईंनी पँट त्यांच्या मांडीवर ठेवली. मिस्त्रींनी ती उलटसुलट पाहिली. मागे हातभर ठिगळ होतं, दुहेरी दोऱ्याचं, गाठी बाहेर.

"तुला तसला नवरा नको होता ना?" मिस्त्री चहाकडे पाहत म्हणाले.

"नकोच होता," बाई म्हणाल्या. "पण आता या वयात बदलून कोण देतंय?"

मिस्त्री हसले. मग हसता हसता त्यांनी डोळे पुसले. बाईंनी तिकडे मुद्दामच पाहिलं नाही.

"तिच्या गुडघेशेकीला उद्यापासून जायचं नाही," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "आपल्या घरात पाणी तापतं. आणि मळके कपडे इथे यायचे. रोज."

"बरं."

"थंड पाण्यात धुवीन."

मिस्त्रींनी मान डोलावली. त्यांचा हात पँटच्या कमरेशी गेला. तिथलं बटण त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. फुली गेली होती. दोन समांतर टाके होते.

"हे कशाला काढलंस? चांगलं घट्ट होतं की."

"होतं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "पण माझ्या हातचं नव्हतं."