उजेडाकडे धरलेली मी

मित्रांनो, मला कुणी उजेडाकडे धरले, तरच माझ्यातले काही दिसते. एरवी मी नुसता काळा पत्रा. कमरेच्या एमआरआयची मी एक जुनी फिल्म आहे.

माझा जन्म गोंदियातल्या एका तपासणी केंद्रात झाला. आमगावजवळच्या एका खेड्यातले जीवनलाल पटले त्या दिवशी मशीनच्या बोगद्यात निजले होते. "हिलना मत, दादा," असे सांगून तंत्रज्ञाने दार लावून घेतले. आत ठकठक आवाज सुरू झाला आणि जीवनलाल डोळे मिटून पडून राहिले. त्यानंतर थोड्या वेळाने प्रिंटरमधून मी बाहेर आले, गरम आणि गुळगुळीत. माझ्या अंगावर त्यांच्या मणक्यांची बारीक बारीक चित्रे उमटली होती. सोबत इंग्रजी रिपोर्टचा कागद जोडून मला एका मोठ्या पाकिटात घातले.

जीवनलाल मंडपवाले होते. पंचक्रोशीतल्या कितीतरी लग्नांचे मंडप त्यांनी उभे केले होते. लोखंडी पाइप खांद्यावर, कनातीचे गठ्ठे पाठीवर, असे त्यांचे आयुष्य गेले. बायको तुलसा वारली होती आणि मुलगी प्राची लग्न होऊन रायपूरला गेली होती. कमरेतली कळ डाव्या पायात उतरू लागली, तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे गेले. आता मला घेऊन मणक्याच्या सर्जनना भेटायचे होते. पण तारीख महिनाभराने मिळाली होती.

तो महिना मी विसरणार नाही.

पहिले काही दिवस माझे फार कौतुक झाले. जीवनलाल मला पानठेल्यावर घेऊन गेले. तिथे जो येईल तो मला सूर्याकडे धरून बघे. एकाला माझ्यात 'गॅप' दिसला, दुसऱ्याला दबलेली नस दिसली. कुणी रिपोर्टमधले लांबलचक शब्द अडखळत वाचले आणि मान हलवली. सालेकशाकडचा एक माणूस असल्याच ऑपरेशननंतर खाटेवरून उठलाच नाही, असेही कुणी सांगितले. मला उलटे धरले आहे, हे एकाच्याही लक्षात आले नाही.

त्यानंतर जीवनलाल पानठेल्यावर गेले नाहीत. मला त्यांनी खुंटीला टांगले आणि समोरच्या खाटेवर ते पडून राहू लागले. लग्नसराई होती. गावात बँड वाजे, वरात दारावरून जाई. मंडपाचे सामान पुतण्या हेमेंद्र घेऊन जाई. घाईत असला, तरी "बरे आहात ना?" एवढे विचारी. प्राचीचा फोन येई. ते तिला "ठीक आहे" म्हणत आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ माझ्याकडे बघत बसत. माझ्यातल्या काळ्या-पांढऱ्या डागांत ते आपले उरलेले आयुष्य शोधत होते. मित्रांनो, ते माझ्यात नव्हतेच. पण मला तोंड कुठे होते?

एके दुपारी आरोग्य उपकेंद्रातली आरोग्य अधिकारी दिव्या गल्लीत रक्तदाब तपासत फिरत होती. ती आत आली. जीवनलालनी मला तिच्या हाती दिले आणि ऑपरेशनने लुळा होईन काय, एवढेच विचारले. दिव्याने आधी मला सरळ केले. मग रिपोर्ट वाचला आणि न समजलेल्या दोन गोष्टी आपल्या वरिष्ठ डॉक्टरांना फोनवर विचारून घेतल्या. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, तिने जीवनलालना समजावले. वयाने केस पिकतात तशी ती गादीही झिजते. ज्यांची कंबर कधी दुखली नाही, त्यांच्या फिल्ममध्येही हे पुष्कळदा दिसते. रिपोर्टमधल्या बहुतेक मोठ्या शब्दांचा अर्थ एवढाच होता. फक्त एका ठिकाणी गादी बाहेर येऊन डाव्या बाजूची नस दाबत होती.

मग तिने मला खाली ठेवले.

"काकाजी, या फोटूत तुमचा दुखना नाही दिसत. तुमी सांगा, पायाले का होऊन राहिला?"

जीवनलाल म्हणाले, "चालता चालता डाव्या पायातली चप्पल निंगून जाते, बाई. मले मालूमबी नाही होत."

"मंग हे कोनाले सांगतला काऊन नाही?"

"कोनाले सांगू? घरात कोन आहे?"

दिव्याने त्यांना टाचांवर चालायला लावले. उजवा पंजा वर उचलला गेला, डावा खालीच लोंबत राहिला. लघवीवर ताबा आहे ना, बसायच्या जागी बधिरपणा नाही ना, हेही तिने विचारले. तसे काही नव्हते. पण पायाची ताकद जात असताना महिनाभर थांबायचे नसते, असे सांगून तिने तिथूनच सर्जनच्या दवाखान्यात फोन लावला आणि दुसऱ्याच दिवसाची वेळ घेतली.

त्या संध्याकाळी जीवनलाल खाटेवर बसून मोठ्याने बोलत होते. ऑपरेशन कशासाठी? नाही केले तर काय होईल? केल्यावर पाय कितपत सुधारेल? दिव्याने शिकवलेले प्रश्न ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते. ऐकायला घरात मी एकटीच होते.

सर्जननी मला उजेडाच्या पेटीवर लावले, नीट पाहिले आणि मग जीवनलालना चालून दाखवायला सांगितले. जीवनलालनी न अडखळता सगळे प्रश्न विचारले. पायातली कळ बहुधा कमी होईल, पंजाची ताकद किती परत येईल ते छातीठोक सांगता येत नाही, पण थांबलो तर ती शक्यता घटत जाईल, असे सर्जन म्हणाले. जीवनलालनी होकार दिला.

ऑपरेशन झाले. प्राची येऊन राहिली आणि परत गेली. कळ गेली. पंजा बराच सावरला, तरी दमले की पाय अजून जरासा घासतो. पाइप आता ते उचलत नाहीत.

मी कपाटावर आहे, जुन्या चादरीखाली. दमटपणाने माझा एक कोपरा पाकिटाला चिकटला आहे. मला उजेडाकडे धरणारे खूप भेटले. मला बाजूला ठेवून त्या माणसाला विचारणारी पहिली भेटली ती दिव्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिला दुमडू नका, ओलीत ठेवू नका. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ती लागते. पण तिला उजेडाकडे धरण्याआधी, ज्याची ती आहे त्याच्या खाटेशेजारी जरा बसा. माझ्यात हाडे दिसतात, गाद्या दिसतात, नसा दिसतात. बाकीचे तो सांगेल, कुणी विचारले तर.